१२ व्होल्टचा काळा पिझो बझर: जुन्या मारुतीत ‘लाइट चालू राहिलाय’ सांगायला बसवला, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. बाजारात जो काळा, गोल, दोन बाजूंना स्क्रूसाठी कान असलेला आणि लाल-काळी वायर बाहेर आलेला पिझो बझर (करंट दिला की आतली पातळ चकती थरथरून वाजणारा छोटा भोंगा) मिळतो ना, ३ ते २४ व्होल्टचा, तो घ्या, सोबत १एन४००७ नंबरचा एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) घ्या, थोडी वायर आणि एक फ्यूज होल्डर घ्या, आणि जुन्या गाडीत लाइट चालू ठेवून दार उघडलं की ओरडणारा अलार्म घरी तयार होतो. रिले (करंटने चालू-बंद होणारा स्विच) नको, सर्किट बोर्ड नको. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय आणि घरात वयस्कर माणूस गाडी चालवत असेल तर तो भाग नक्की वाचा कारण दुकानात हे कुणी सांगत नाही.

आमच्याकडे बाबांची मारुती ८०० आहे, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडणारी. बाबा सत्तरी पार केलेले, गाडी अजून स्वतः चालवतात, साताऱ्याहून पुण्याला येतात. येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, तिथे लाइट लावायचा आणि बाहेर आल्यावर बंद करायचा. रात्री लाइट विसरला जात नाही, कारण गाडी लावताना समोरच्या भिंतीवर उजेड दिसतो. विसरतो तो दिवसाढवळ्या लावलेला लाइट, बोगद्यातला, पावसातला, घाटातल्या धुक्यातला. ऊन पडलेलं असतं, लाइट चालू आहे हे बाहेरून पाहूनही पटकन कळत नाही. आणि आमच्या ८०० मध्ये चावी काढली तरी लाइट चालूच राहतात, त्याबद्दल सांगणारं काही नाही.

आता हिशोब बघा. या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. हेडलाइटचे दोन बल्ब डिपरवर ५५ वॉटचे, म्हणजे ११० वॉट, वर पार्किंगचे, टेललाइटचे, नंबरप्लेटचा असे ५-५ वॉटचे बल्ब, सगळं धरून १३०-१३५ वॉट, म्हणजे ११ अँपिअर तरी बॅटरीतून जातायत. कागदावर तीन तास. पण प्रत्यक्षात तीन तास लागतच नाहीत, त्याच्या आधीच सेल्फ मारायची ताकद संपते आणि नुसता टक-टक आवाज येतो. फक्त पार्किंग लाइट राहिले तर दोन अँपिअरच्या आसपास, रात्रभरात बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी. कार्ब्युरेटरवाली गाडी असती तर चार माणसं गोळा करून धक्का स्टार्ट झाली असती, पण एमपीएफआयला पेट्रोल पंप आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्हीला करंट लागतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली की धक्का मारून काही होत नाही, जंपर केबल शोधा नाहीतर बॅटरी काढून चार्जिंगला न्या. शिवाय गाडीची बॅटरी अशी तळापर्यंत उतरवण्यासाठी बनवलेलीच नसते, चार-पाच वेळा असं झालं की तिचं आयुष्य कमी होतं, आतल्या प्लेटांवर सल्फेट चढतं. हजारोंची बॅटरी वाचवायला शंभर-दीडशे रुपयांचं सामान, म्हणून मी याच्या मागे लागले.

सामान कुठे मिळतं ते सांगते. पुण्यात बुधवार पेठ, पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, मुंबईत लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. ऑनलाइनही मिळतं पण एका बझरला वस्तूपेक्षा कुरिअर महाग पडतं, आणि मुख्य म्हणजे वाजवून बघता येत नाही. मी पुण्यात घेतला, बझर पन्नासच्या आसपास, डायोड एक-दोन रुपयांना. काउंटरवरच्या दादांनी न सांगता पॉवर सप्लायला लावून १२ व्होल्टवर वाजवून दाखवला आणि विचारलं की कशाला हवाय, गाडीला म्हटल्यावर डायोड जास्तीचा हातात ठेवला. या गल्ल्यांमधली दुकानं मला म्हणून आवडतात, एक नग मागितला तरी कपाळाला आठ्या नाहीत.

मागताना एक शब्द नक्की वापरा: अ‍ॅक्टिव्ह. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे आवाज तयार करणारं सर्किट बझरच्या आतच आहे, दोन वायरी बॅटरीला लावल्या की वाजला. पॅसिव्ह बझर दिसायला तसाच असू शकतो पण त्याला बाहेरून कमी-जास्त होणारा सिग्नल लागतो, सरळ बॅटरीला लावला तर एकदा टक् करतो आणि गप्प. नुसती पितळी पिझो चकती मिळते ती पण पॅसिव्हच. बोर्डावर बसणारे जे छोटे १२ एमएमचे काळे डबे असतात त्यात दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात, त्यामुळे तिथे तर वाजवून बघितल्याशिवाय घ्यायचाच नाही. आणि त्या छोट्यांवर गोल स्टिकर असतं ते बोर्ड धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून असतं, बसवताना काढून टाकायचं, आवाज लगेच मोकळा होतो.

आता सर्किट, जे खरं तर इतकं साधं आहे की सर्किट म्हणायला जीव होत नाही. जुन्या गाड्यांमध्ये छतावरच्या केबिन लाइटला बॅटरीचा प्लस कायम आलेला असतो आणि दार उघडलं की दाराजवळचा स्विच त्याची दुसरी बाजू बॉडीला, म्हणजे अर्थला, जोडतो. म्हणजे दार उघडलं की त्या स्विचच्या वायरवर शून्य व्होल्ट, बंद केलं की बल्बमधून आलेले १२ व्होल्ट. आपल्याला एवढंच पाहिजे. बझरची लाल वायर पार्किंग लाइटच्या वायरला, काळी वायर दाराच्या स्विचच्या वायरला. हेडलाइट लावला की पार्किंग लाइट सोबत लागतातच, त्यामुळे पार्किंगची एक वायर पकडली की दोन्हीचं काम होतं. लाइट चालू आणि दार बंद, तर बझरच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट, फरक नाही, म्हणून शांत. लाइट चालू आणि दार उघडलं, एका टोकाला १२, दुसऱ्याला शून्य, वाजला. लाइट बंद असेल तर दार कितीही उघडा, दोन्हीकडे शून्य, गप्प.

मग डायोड कशाला? चौथी अवस्था राहिली ना: लाइट बंद, दार बंद. म्हणजे गाडी दिवसभर जशी उभी असते ती. तेव्हा दाराच्या वायरवर केबिन बल्बमधून १२ व्होल्ट आलेले असतात आणि पार्किंगची वायर तिच्या बल्बांमधून अर्थला मिळालेली असते, म्हणजे बझरला करंट उलटा मिळतो, तो पण थोडा वेळ नाही, दिवसचे दिवस. अ‍ॅक्टिव्ह बझरच्या आत ट्रान्झिस्टर असतो, त्याला उलटा करंट चालत नाही. व्हिडिओंमध्ये बरेच जण डायोड न लावता दोन वायरी जोडून दाखवतात, लगेच वाजतो म्हणून टाळ्या, पण महिन्या-दोन महिन्यांनी बझर मेला की बझर हलका होता असं म्हणतात. बझर हलका नाहीये, एक रुपयाचा डायोड वाचवला म्हणून तो गेला. डायोडवर चंदेरी पट्टी असते ती करंट बाहेर पडण्याची बाजू, लाल वायरवर लावत असाल तर पट्टी बझरकडे करायची. १एन४००७ एक अँपिअरचा आणि हजार व्होल्ट उलटा दाब सोसणारा आहे, बझरला लागतात जेमतेम दहा-वीस मिलीअँपिअर, त्यामुळे तो आयुष्यभर थंडच राहतो. याच कारणाने रिलेसुद्धा नको, कुणी वायरमन रिले लावा म्हणाला तर एवढ्याशा करंटला तो कशाला असं नम्रपणे विचारा.

दुसरी एक पद्धत आहे, काळी वायर दाराऐवजी चावी लावल्यावर चालू होणाऱ्या इग्निशनच्या वायरला जोडायची. चावी बंद केली की ती वायर बाकीच्या उपकरणांमधून अर्थकडे ओढली जाते आणि बझर लगेच वाजतो, दार उघडायची वाट बघत नाही. ऐकायला छान वाटतं, पण घाटात रात्री गाडी बंद पडली आणि मागच्यांना दिसावी म्हणून पार्किंग लाइट लावून उभं राहायचं असेल तर तो सलग बोंबलत बसतो, मग त्याला बंद करायला वेगळा स्विच, आणि तो स्विच एकदा बंद केला की परत चालू करायचा राहणार. मला दाराचीच पद्धत पटते. तिचा तोटा एवढाच की रात्री इंजिन चालू ठेवून कुणाला गाडीत घेतलं तर दार उघडं असेपर्यंत वाजतो, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत सगळ्या दारांचे स्विच एकाच वायरवर असतात. तेवढं सहन होतं.

बसवण्यात वेळ जातो तो वायर शोधण्यात. रंगावर विश्वास ठेवू नका, जुन्या गाडीत मध्ये कुणी कुठली वायर बदलली असेल सांगता येत नाही, मल्टीमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावूनच बघा: लाइटचा स्विच पहिल्या टप्प्यावर आणला की १२ व्होल्ट येतात आणि बंद केला की जातात, ती आपली पार्किंगची वायर. फ्यूज बॉक्सजवळ किंवा स्टिअरिंगखालच्या लाइट स्विचच्या कनेक्टरजवळ ती सापडते. जोडाच्या अगदी जवळ एक अँपिअरचा फ्यूज टाका. गाडीचा फ्यूज आहे की मग वेगळा कशाला असं वाटेल, पण गाडीचा फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा असतो आणि बझरची वायर केसासारखी बारीक, कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडायच्या आधी वायर जळेल, डॅशबोर्डच्या आत. इथे कंजूषी अजिबात नको.

दाराचा स्विच पिलरवर एका स्क्रूने बसवलेला असतो, वर रबराची टोपी. स्क्रू काढल्यावर वायर हळूच बाहेर ओढा आणि आधी तिला टेपने बाहेर चिकटवून ठेवा, कारण स्विचमधून सुटली की ती सळकन पिलरच्या आत जाते आणि मग बाहेर काढायला अस्तर खोलावं लागतं. स्विचचा अर्थ त्या स्क्रूमधूनच बॉडीला मिळतो, तो गंजलेला असेल तर केबिन लाइट मिणमिणतो आणि बझर पण अर्धवट किरकिरतो. कोकणातल्या गाड्यांना हे हमखास. बारीक पॉलिश पेपर मारा, थोडं ग्रीस लावा, बहुतेक वेळा केबिन लाइटही आधीपेक्षा चांगला लागतो. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक, नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळली तर उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो.

आता तो कापलेला स्टार. या बझरचा आवाज तीन-साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपासचा, एकदम तीक्ष्ण, बंद गाडीत माझ्या कानाला नको होतो. पण बाबांना दार उघडून बसवलं, लाइट लावला, मी कानावर हात ठेवलाय आणि बाबा म्हणतायत, “वाजतोय का गं?” वय वाढतं तशी ऐकण्याची ताकद आधी वरच्या पट्टीतली कमी होते, बोलणं नीट ऐकू येतं पण बारीक तीक्ष्ण आवाज निसटतात, आणि हा बझर नेमका त्याच पट्टीत वाजतो. त्यात इंजिन नुकतंच बंद झालेलं, रस्त्यावरचा गोंगाट, दाराचा आवाज. म्हणजे ज्यांच्यासाठी बनवला त्यांनाच ऐकू येईना. पाकिटावर ९० डेसिबल, ९५ डेसिबल लिहिलेलं असतं ते खोटं नसेलही, पण ते दहा-तीस सेंटिमीटरवर मोजलेलं असतं आणि तरुण कानासाठी.

याला दोन उपाय आहेत. पहिला, १२ एमएमचा छोटा अ‍ॅक्टिव्ह बझर, १२ व्होल्टचा मागून घ्यायचा, कारण दुकानात ५ व्होल्टचेच जास्त पडलेले असतात आणि ते गाडीला लावले तर जळतात. याच्या आत पिझो नसून कॉइल असते आणि आवाज २३०० हर्ट्झच्या आसपास, जाडसर. डेसिबल कमी असूनही बाबांना हा जास्त स्पष्ट ऐकू येतो. दुसरा उपाय म्हणजे सलग न वाजवता थांबून-थांबून वाजवणं. सलग सूर कान थोड्या वेळात मागे टाकतो, बीप-बीपकडे लक्ष जातंच. मोठ्या काळ्या बझरमध्ये असा तुटक वाजणारा प्रकारही मिळतो, दुकानात नुसतं ‘बीप-बीपवाला’ म्हटलं तरी कळतं. तो नाही मिळाला तर ५५५ टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने करंट चालू-बंद करणारी छोटी चिप, लावा. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी डिझाइन केलेली ही आयसी आजही चहाच्या पैशात मिळते आणि मला तिचं खरंच कौतुक आहे, अर्ध्या शतकानंतरही एवढ्याशा कामाला तिच्याइतकं सरळ काही नाही. दोन रेझिस्टर १० के आणि ६८ के, कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टवाला, की सेकंदाला साधारण एक बीप, अर्धा सेकंद वाजतो अर्धा सेकंद थांबतो. फक्त एक लक्षात ठेवा, एनई५५५ ची मर्यादा १६ व्होल्ट आहे आणि इंजिन चालू असताना गाडीत १४.४ पर्यंत व्होल्टेज जातं, मध्येच झटकेही येतात, त्यामुळे सप्लायला १०० ओहमचा रेझिस्टर आणि १५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज त्याच्या वर जाऊ न देणारा डायोड) लावाच. बाबांच्या गाडीत आता १२ एमएमचा बझर आणि ५५५ आहे, छोट्या प्लास्टिकच्या डबीत, स्टिअरिंगच्या खाली. मोठा काळा माझ्या भावाच्या ओम्नीत गेला, त्याला तो व्यवस्थित ऐकू येतो.

मोठ्या काळ्याचं बाकी काय खटकलं तर वायर. फार बारीक आहेत आणि बझरमधून जिथे बाहेर येतात तिथेच तुटतात, म्हणून बसवायच्या आधी मुळाशी गरम गोंदाचा ठिपका टाका. स्क्रू नाहीतर केबल टाय वापरा, डबल टेप नको, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत काय तापतं ते माहितीये, टेप सुटून बझर पेडलपाशी पडला तर धोका आहे. आवाज फार वाटला तर भोकावर टेपचा तुकडा, किंवा ४७० ओहमचा रेझिस्टर मालिकेत, म्हणजे बझरच्या एका वायरच्या मध्ये.

तयार मिळणारं लाइट रिमाइंडरचं मॉड्यूल पण एक ऑनलाइन मागवून पाहिलं होतं, नाव लिहीत नाही. किंमत याच्या चार-पाच पट, माहितीच्या कागदावर वायरींचे रंग एक आणि प्रत्यक्षात दुसरे, आत उघडलं तर एक बझर, एक डायोड आणि एक रिले. ज्यांना सोल्डरिंग अजिबात जमत नाही त्यांनीही ते घेण्यापेक्षा वरचं सामान घेऊन ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावं.

नवीन गाडीत मात्र हे करू नका. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत सीटबेल्टचा बझर, ८० च्या वर गेल्यावर अधूनमधून आणि १२० च्या वर सलग वाजणारा स्पीड अलर्ट, मागचे पार्किंग सेन्सर हे सगळं कंपनीकडूनच सक्तीने येतं, आणि लाइटची आठवण करून देणारा बझर बहुतेकांत असतोच. शिवाय या गाड्यांत दाराचा स्विच थेट बल्बला न जाता बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे दिवे-दारं सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, जातो. केबिन लाइट हळूहळू मंद होत विझत असेल तर समजायचं की मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्या वायरला हात लावायचा नाही, वॉरंटी जाईल ती वेगळीच. ही गोष्ट ८००, ओम्नी, जुनी झेन, पद्मिनी, जुनी जीप अशा सरळ वायरिंगच्या गाड्यांसाठी.

आणि सामान आणतच असाल तर एक छोटा बझर आणि दोन डायोड जास्तीचे आणा, इंडिकेटरसाठी. वळल्यावर इंडिकेटर चालूच राहणं ही पण आमच्या घरातली रोजची तक्रार, काट्याजवळचा हिरवा बाण उन्हात दिसत नाही. डाव्या आणि उजव्या इंडिकेटरच्या वायरीवरून एक-एक डायोड, दोन्हींच्या पट्ट्या एकत्र करून बझरच्या प्लसला, मायनस बॉडीला. फ्लॅशरच्या तालावर तो आपोआप तुटक वाजतो, ५५५ ची गरजच नाही. इथे डायोड विसरले तर डावा-उजवा एकमेकांना जोडले जाऊन चारही दिवे लुकलुकतात, त्यामुळे दोन पाहिजेतच. आणि या जागेला १२ एमएमचाच लावा, मोठा काळा लावला तर लांबलचक सिग्नलला उजवीकडे वळायला थांबल्यावर गाडीतलं कुणी बसू देणार नाही.